उंटिणीचें दूध : त्याचे गुण, त्याचा व्यापार आणि आपला पट्टा

गेल्या मार्गशीर्षांत चाकणच्या पलीकडील एका गांवचा आमचा भाचा आमचेकडे आला. त्याच्या हातांत एक गुळगुळीत छापील पत्रक होतें. त्याची चार एकर जमीन औद्योगिक वसाहतीकडे गेली, मोबदला मिळाला, आणि दीड एकर काय ती राहिली. तींत एक विहीर व एक गोठा आहे. तो म्हणाला, "मामा, पांच उंटिणी घ्याव्या म्हणतों. दूध लिटरला चारशें रुपयांनीं जातें असें ह्यांत लिहिलें आहे, आणि दूध हेच लोक परत विकत घेणार. तुम्ही सरकारी कचेरींत जन्म काढला, हा करार एकदां वाचून द्या."

करार आम्ही वाचला. दूध परत घेण्याचें कलम त्यांत होतें, परंतु भाव "त्या वेळच्या बाजाराप्रमाणें" असा मोघम होता. जनावर दगावल्यास नुकसान सर्वस्वीं घेणाऱ्याचें होतें. आणि बयाणा कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीं असें बारीक अक्षरांत शेवटीं होतें. त्या बयाण्याचे एकवीस हजार रुपये भाचा आधींच भरून बसला होता.

आम्ही महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. आम्ही पशुवैद्य नव्हे, रसायनशास्त्री तर नव्हेच. तथापि भाच्यास उत्तर द्यावयाचें म्हणून जी माहिती गोळा केली ती या मासिकाच्या वाचकांच्याही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों. कारण तें पत्रक एकट्या आमच्या भाच्याच्याच हातीं पडलें असेल असें नाहीं. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, आंबेठाण या बाजूस ज्यांच्या जमिनी कारखान्यांखालीं गेल्या त्यांच्या घरीं पैसा आला हें सर्वांस ठाऊक आहे. आणि पैसा आला कीं योजना घेऊन येणारे मागोमाग येतात. मोबदल्याच्या याद्या आमच्या हातून लिहिल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं किती रकमा पांच वर्षांनंतर शिल्लक राहिल्या हें आठवलें म्हणजे आजही झोंप उडते.

मराठी मुलखास उंट अगदींच परका नाहीं. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत उष्ट्रखाना हा एक कारखाना होता, आणि लखोटे घेऊन दौडणारा सांडणीस्वार इतिहासांत पदोपदीं भेटतो. परंतु तो उंट ओझ्याचा व टपालाचा, दुभत्याचा नव्हे. आज आपल्या मुलांस उंट दिसतो तो जत्रेंत, पाठीवर बसवून चार पैसे मिळविणारा.

आतां दुधाच्या गुणांविषयीं. आयुर्वेदांत ज्या आठ प्रकारच्या दुधांचा विचार केला आहे त्यांत उंटिणीचें दूध आहे. तें रूक्ष, उष्ण, किंचित् खारट व हलकें असून सूज, उदर, मूळव्याध आणि कृमि यांवर हितकर, असें चरकसंहितेंत म्हटलें आहे. हल्लींच्या पृथक्करणानें हलकेपणाची गोष्ट खरी ठरते. या दुधांत स्निग्धांश साधारणतः शेंकडा २ ते ४ असतो, म्हणजे गाईच्या दुधाएवढा किंवा थोडा कमी, आणि म्हशीच्या दुधाच्या निम्म्याच्या आसपास. प्रथिनें शेंकडा ३ च्या सुमारास. दुग्धशर्करा जवळजवळ गाईच्या दुधाइतकीच असते. सबब ज्यांस दुग्धशर्करा पचत नाहीं अशा सर्वांस हें दूध बिनधोक, असें जें पत्रकांत छापलेलें असतें तें खरें धरून चालूं नये.

विशेष म्हणून सांगावयाच्या गोष्टी दोन. पहिली अशी कीं, क जीवनसत्त्व या दुधांत गाईच्या दुधाच्या तिपटीच्या जवळपास असतें. वाळवंटांत जेथें भाजी नाहीं, फळ नाहीं, तेथें उंटपाळाचें आरोग्य या दुधावर चालतें तें यामुळेंच. आपल्या आवळ्या-पेरूंच्या प्रांतांत या गुणाची तेवढी मातबरी नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गाईच्या दुधांत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नांवाचें एक प्रथिन असतें, तें या दुधांत नाहीं. आणि दुसरीं प्रथिनेंही घडणीनें निराळीं आहेत. त्यामुळें गाईच्या दुधानें ज्या बालकांच्या अंगावर गांधी उठतात किंवा पोट बिघडतें त्यांपैकीं पुष्कळांस उंटिणीचें दूध सोसतें. अशा मुलांस शेळीचें दूध चालेल असा आपलेकडे समज आहे, परंतु शेळीच्या दुधांतील प्रथिनें गाईच्या दुधाशीं इतकीं मिळतीं आहेत कीं बहुधा तोच त्रास पुन्हां होतो. याकरितां डॉक्टरच्या सल्ल्यावांचून घरच्या घरीं प्रयोग करूं नये.

मधुमेहाविषयीं फार बोललें जातें, म्हणून थोडें थांबून सांगतों. बिकानेर येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं इन्सुलिन टोंचून घ्यावें लागणाऱ्या रोग्यांस रोज अर्धा लिटर उंटिणीचें दूध दोन वर्षेंपर्यंत देऊन पाहिलें. त्यांची इन्सुलिनची मात्रा उतरली. कांहींची तर थांबलीही. हा अहवाल २०११ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तो खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या प्रयोगांत सारे मिळून रोगी होते चोवीस, आणि त्यांत दूध पिणारे बारा! बारा रोग्यांच्या पुराव्यावर आम्ही साधी वारसाची नोंदही घातली नसती, आणि येथें तर जिवाचा प्रश्न. दूध घ्यावयाचें तर घ्यावें, औषध मात्र आपल्या मनानें एक दिवसही बंद करूं नये.

हें दूध कच्चें पिण्याची चाल वाळवंटांत आहे. तिचें अनुकरण करूं नये. ब्रुसेलोसिस म्हणून जो रेंगाळणारा ज्वर जनावरांपासून माणसांस जडतो त्याचे जंतु कच्च्या दुधांतून येतात. तेव्हां उकळून किंवा पाश्चराइज केलेलेंच घ्यावें. या दुधाचें विरजण गाईच्या दुधासारखें घट्ट लागत नाहीं, आणि स्निग्धाचे कण बारीक असल्यानें लोणीही सहज निघत नाहीं. म्हणजे उरलेलें दूध दहीं-तुपांत मुरवावें हा जो आपल्या गृहिणींचा पिढीजात उपाय, तो येथें लागू पडत नाहीं. दूध विकलें नाहीं तर तें नासलें, एवढाच हिशेब. आम्ही भुकटीची एक डबी आणवून घरीं खीर करविली होती. खिरींत मीठ कोणीं टाकलें, असा प्रश्न नातवानें विचारला.

हें दूध जेथें खरोखर परवडतें तो प्रांत म्हणजे कच्छ आणि राजस्थान. तेथील रबारी, राईका, फकिराणी जत इत्यादि समाज पिढ्यान् पिढ्या उंट पाळीत आले आहेत. राईका लोकांत तर दूध विकणें हें पूर्वीं पाप समजत. उंटाचें नर पिल्लूं विकावें, त्यावर संसार चालवावा, दूध घरांत प्यावें व पाहुण्यास द्यावें, अशी रीत होती. पुढें नांगरास ट्रॅक्टर आला, गाड्याच्या जागीं टेम्पो आला, आणि नर उंटास गिऱ्हाईक उरलें नाहीं. १९७७ च्या सुमारास देशांत उंट ११ लाखांच्या आसपास होते. २०१२ च्या पशुगणनेंत ते ४ लाखांवर आले, आणि २०१९ च्या गणनेंत अडीच लाख उरले. त्यांतही दोन लाखांहून अधिक एकट्या राजस्थानांत. अशा वेळीं उंट जगवावयाचा तर त्याच्या दुधास बाजार मिळवून द्यावा, हा विचार पुढें आला. बिकानेर येथें १९८४ सालीं सुरू झालेल्या उंटाच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रानें दुधाची कुल्फी, चहा वगैरे करून दाखविलें. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१६ सालीं या दुधाचें मानक ठरविलें. कच्छांत भूजच्या सहजीवन या संस्थेच्या साह्यानें उंटपाळांनीं आपला संघ केला, तेथील सरहद डेअरीनें दूध गोळा करण्यास आरंभ केला, आणि जानेवारी २०१९ मध्यें अमूलनें अर्ध्या लिटरची बाटली ५० रुपयांस अहमदाबाद, गांधीनगर व कच्छ येथें विक्रीस काढली. उंटपाळाच्या हातीं लिटरमागें पन्नास रुपयांच्या आसपास पडूं लागले. चारशें नव्हे, पन्नास! आमच्या भाच्याच्या पत्रकांत जो आंकडा होता तो दूरच्या शहरांतील किरकोळ विक्रीचा. त्यांत गोठविणें, भुकटी करणें, डबा, वाहतूक, दलाली आणि जाहिरात हें सर्व आलें.

आतां पन्नास रुपयांत त्या लोकांस परवडतें कसें? याचें उत्तर एकच आहे. त्यांचा चारा फुकट आहे. उंट बाभूळ, खेजडी, कडुलिंब, वेडी बाभूळ यांचा पाला ओरबाडून खातो. शेळी पोंचत नाहीं तेथें त्याची मान पोंचते. कच्छच्या किनाऱ्यावरील खाराई जातीचे उंट तर पाण्यांतून पोहत जाऊन बेटांवरील तिवराचीं झाडें चरतात. कळप वर्षभर हिंडतो. त्या पाळणाऱ्याच्या नांवें सातबारा बहुधा नसतो. त्याचा सगळा कारभार पडीक रानावर, गायरानावर, आणि पीक निघाल्यानंतरच्या मोकळ्या शेतांवर चालतो. आपल्या खेड तालुक्यांत तसें रान कोठें उरलें आहे? गांव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांची वही, दरसाल जाड होत गेलेली आम्ही पाहिली आहे. हवेलींतील व पिंपरी-चिंचवडकडील गायरानांविषयीं तर बोलणेंच नको. येथें उंट ठेवावयाचा तो दावणीला बांधून, विकतच्या चाऱ्यावर.

तसा ठेवल्यास काय होईल तें पाहूं. उंटीण पहिल्यानें विते ती चार-पांच वर्षांची झाल्यावर. गाभण राहिल्यापासून विण्यास सुमारें तेरा महिने लागतात, आणि दोन वेतांत साधारणतः दोन वर्षांचें अंतर पडतें. एका वेतांत ती वर्ष-सव्वा वर्ष दूध देते. पिल्लूं जवळ असल्याशिवाय पान्हा सोडीत नाहीं. म्हणून दोन सडांचें दूध पिल्लास ठेवून दोन सडांची धार काढण्याची रीत आहे. माणसाच्या वांट्यास दिवसाचे चार-पांच लिटर आले तर ती चांगली उंटीण समजावी.

तेव्हां पांच उंटिणींपैकीं कोणत्याही वेळीं दुधावर तीन, भाकड दोन. तिहींचें मिळून दूध बारा लिटर. कच्छच्या भावानें त्याचे झाले ६०० रुपये रोज. एका उंटिणीस कोरडा चारा दिवसास निदान १० किलो धरला पाहिजे. पांचींचे ५० आणि वाढत्या पिल्लांचे १० मिळून ६० किलो. कडबा १० रुपये किलो धरला तर त्याचेही ६०० रुपये झाले. जमा सहाशें, खर्च सहाशें. आणि अजून राखोळीच्या माणसाचा पगार, औषधपाणी, मुद्दलाचें व्याज व मेलेल्या जनावराची तूट यांपैकीं एक पैही आम्ही धरलेली नाहीं. तितक्याच चाऱ्यावर दावणीच्या गाई याहून कितीतरी अधिक दूध देतात, आणि तें गांवच्या संकलन केंद्रावर, भाव थोडा असला तरी, रोज सकाळीं निमूटपणें जातें. स्वतः दारोदार जाऊन दुप्पट-चौपट भावानें उंटिणीचें दूध विकूं, असें कोणी म्हणेल. विकावें, परंतु बाराच्या बारा लिटरांस रोजचें गिऱ्हाईक आधीं हातांत असावें. दूध न विकलें गेल्यास काय होतें तें वर सांगितलेंच आहे.

पावसाचा प्रश्न तर हिशेबांत धरतांच येत नाहीं. उंटाचा तळवा वाळूवर पसरणारा, मऊ. तो आषाढांतल्या काळ्या चिखलांत घसरतो, आणि पाय फांकून पडलेला उंट पुन्हां उभा राहीलच असें नाहीं. ओलींत खरूज बळावते. सर्वांत वाईट म्हणजे सर्रा. गोमाशीसारख्या चावऱ्या माशा हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. त्याचे जंतु १८८० सालीं पंजाबांत ग्रिफिथ इव्हान्स या घोड्यांच्या डॉक्टरनें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत प्रथम पाहिले. उंट झुरत जातो, ज्वर येतो-जातो, उंटीण गाभडते. राजस्थानांत या रोगास तिबरसा म्हणतात, कारण तो तीन वर्षेंपर्यंत रेंगाळतो. चाकणास पाऊस मावळाइतका नसला तरी चार महिने चिलटें-माशा असतातच, आणि हा रोग उंटांत ओळखणारा पशुवैद्य येथें ऐन वेळीं मिळविणें सोपें नाहीं.

कायद्याची बाजू पत्रकांत अर्थातच नव्हती. राजस्थानानें २०१४ सालीं उंटास राज्यपशु ठरविलें, आणि २०१५ सालीं कायदा करून उंटाची कत्तल बंद केली व सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून उंट राज्याबाहेर नेण्यास मनाई केली. या कायद्यामुळेंच आमचा उरलासुरला बाजार बसला, अशी तेथील उंटपाळांची तक्रार आहे, आणि ती आम्हांस अगदींच निराधार वाटत नाहीं. तें कसेंही असो, कागदाशिवाय आणलेल्या उंटाचें काय होतें याचीं उदाहरणें आपल्याच राज्यांत घडलीं आहेत. जानेवारी २०२२ मध्यें अमरावती जिल्ह्यांत तळेगांव दशासर येथें कच्छच्या रबारी लोकांचे ५८ उंट कत्तलीस नेत असल्याच्या संशयावरून अडवून ठेवण्यांत आले. ते लोक खरे पाळणारे होते. कोर्टानें उंट त्यांचे त्यांस परत दिले, पण त्यांत कित्येक आठवडे गेले, आणि तोंवर जनावरें परक्या जागीं बांधलेलीं. पुढील वर्षीं मे महिन्यांत नाशिक जिल्ह्यांत शंभरावर उंट सांपडले. त्यांस पांजरपोळांत ठेवावें लागलें, कांहीं मेले, आणि उरलेले राजस्थानांत परत पाठविण्यांत आले. भाच्याच्या करारांत उंट कोणत्या राज्यांतून, कोणाच्या परवानगीनें येणार, याविषयीं एक अक्षर नव्हतें.

आणि परत खरेदीच्या हमीविषयीं म्हणाल तर २०१९ सालचें कडकनाथ कोंबड्यांचें प्रकरण आपण विसरलों काय? इस्लामपूरकडून सुरू झालेल्या त्या योजनेंत अंडीं व पक्षी परत घेण्याचा करार होता. खरेदी थांबली, आणि शेतकऱ्यांच्या खुराड्यांत काळ्या कोंबड्या उपाशी ओरडत राहिल्या. त्यापूर्वीं इमूचें तेंच झालें. कडकनाथ हा पक्षी वाईट नव्हता, इमूही नव्हता. जें जनावर घेणारा एकच आणि विकणाराही तोच, त्याचा बाजारभाव म्हणून जो सांगतात तो बाजारभावच नव्हे. नवीन घेणारा येत आहे तोंवर चालणारी ती एक फिरवाफिरव असते.

मग या धंद्यांत आपल्या पट्ट्यास कांहींच वाव नाहीं काय? आहे, पण तो गोठ्यांत नाहीं, दुकानांत आहे. पिंपरी-चिंचवडमध्यें लाखों कुटुंबें आहेत. त्यांत ज्यांच्या मुलास गाईचें दूध सोसत नाहीं, किंवा वैद्याच्या सल्ल्यानें ज्यांस हें दूध हवें आहे, अशीं थोडीं घरें निश्चित निघतील. गुजरातेंत प्रथम निघालेली ताजी बाटली शीतपेटींत तीनच दिवस टिके. पुढें अधिक टिकणारें दूध व भुकटी निघाली. ज्याच्या मुलानें शिक्षण घेतलें आहे, ज्याचें मोशी-चिखलीकडे रस्त्यालगत एखादें दुकान आहे, त्यानें कच्छ-राजस्थानच्या संघांकडून परवान्याचा, तारखेचा व शुद्ध माल मागवून गोठवण-पेटी ठेवून विकावा. भांडवल उंटापेक्षां थोडें, धोका त्याहूनही थोडा, आणि तिकडील उंटपाळाच्याही हातीं दोन पैसे पडतात. दुधांत गाईचें दूध मिसळणारे निघतील, त्यांपासून जपावें. ज्या बालकास गाईचें दूध विषासमान आहे त्याच्या बाबतींत ती भेसळ नव्हे, घात आहे.

ज्यास गोठाच भरावयाचा आहे त्यानें आपल्या हवेचें जनावर पाहावें. संगमनेरी शेळी ही आपल्या पुणें-नगर भागाचीच जात आहे, उस्मानाबादी तर सर्वत्र मिळते. चाकणच्या शनिवारच्या बाजारांत दांत पाहून, कास चाचपून घेतां येते, आणि नको झाली तर त्याच बाजारांत विकतां येते. उंटीण नको झाली तर ती कोणास विकणार, हा प्रश्न आम्ही भाच्यास तीनदां विचारला. तिसऱ्या वेळीं त्यानें पत्रकाची घडी घालून खिशांत ठेवली.

उंटिणींचा बेत त्यानें सोडला आहे. करार पुरा न करतां बयाणा परत मिळावा म्हणून आमच्या हातचा अर्ज पोंच-पावतीच्या टपालानें धाडला. पावती आली आहे. रक्कम अद्याप आलेली नाहीं.